माणसं हयात आहेत तोवर घराची खरेदी रजिस्टर करून घ्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. गावात कुणाचं घर विकायचं झालं तर कधी बोर्ड लागला नाही की जाहिरात आली नाही, देवळाच्या कट्ट्यावर विषय निघायचा, आधी भाऊबंदांना विचारायचं, मग शेजाऱ्याला, आणि दोघं नको म्हणाले तरच बाहेरचा. अशाच पद्धतीनं 1998 साली आमच्या बाबांनी शेजारच्या काकांचं दोन खणांचं घर आणि मागचं परसू घेतलं. संचकार (आगाऊ रक्कम) दिला, चार पंच बसले, बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) लिहून झालं, सह्या झाल्या, चहा झाला. रजिस्टर करूया असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, पण काका म्हणाले "मी कुठं पळून जायलोय काय" आणि बाबांनाही ते पटलं.

काका शब्दाचे पक्के होते. शेवटपर्यंत कुणाला कळूसुद्धा दिलं नाही की कागद अर्धवट आहे. घरपट्टी आम्हीच भरत होतो, लाईटचा मीटर आमच्या नावावर, त्यामुळं घर आपलंच असं आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी ते पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि लोनसाठी बँकेत गेलो, तिथं त्यांनी खरेदीपत्र, ईसी (मिळकतीवर बोजा आहे का दाखवणारा दाखला) आणि ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाईन मिळकत नोंदीचा) फॉर्म 9 आणि 11 मागितला. पंचायतीत बघतोय तर मालक म्हणून अजून काकांचंच नाव, आणि काका जाऊन सहा वर्षं झालेली. वकिलांनी बॉन्ड हातात घेऊन सरळ सांगितलं की शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्यानं खरेदी रजिस्टरच करावी लागते, ह्या कागदानं मालकी येत नाही, घरपट्टीच्या पावतीनं पण येत नाही. नुसत्या अ‍ॅग्रीमेंटनं किंवा वटमुखत्यारपत्रानं (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीनं) घर विकलं असं होत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलंय. कोर्टात जाऊन खरेदी करून मागायची तर त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळं तो रस्ताही अवघड.

आता खरेदी रजिस्टर करायची तर काकांच्या वारसांच्या सह्या पाहिजेत, म्हणजे काकू, दोन मुलगे आणि तीन लेकी. एक इचलकरंजीला, एक खानापूरला, थोरली अक्का गोव्यात फोंड्याला. कुणीही नाही म्हणालं नाही हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा वेळी लोक लगेच बहिणींना नावं ठेवतात. बापाच्या मिळकतीत लेकीचा वाटा आहे, कायद्यानं आहे, मग तिला विचारायचं नाही आणि नुसती सही मागायची हे कसं चालेल? अक्का फोनवर एवढंच म्हणाली, "आप्पांनी (म्हणजे काकांनी) विकलेलं मला माहीत हाय रे, पण मला कुणी सांगितलं नव्हतं." मला त्याचं फार वाईट वाटलं.

खर्चाचं पण सांगतो. स्टॅम्प ड्युटी 1998 च्या किमतीवर नाही, आजच्या सरकारी दरावर भरायची, आणि 31 ऑगस्ट 2025 पासून रजिस्ट्रेशन फी 1 टक्क्यावरून 2 टक्के झालीय. त्या वेळी जे चार पैसे वाचवले त्याच्या कितीतरी पट आता जाणार.

अजून एक, खरेदीपत्र कन्नडमधून असतं आणि आमच्या बाबांच्या पिढीला कन्नड वाचता येत नाही. लिहिणाऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही करायची असं चालतं. आमच्या ड्राफ्टमध्ये पूर्वेचा बोळ पश्चिमेला पडला होता, भाच्यानं कन्नड वाचून दाखवलं म्हणून सापडलं. त्यामुळं सहीच्या आधी चतुःसीमा, लांबी-रुंदी, नावं हे सगळं मराठीतून मोठ्यानं वाचून घ्या, घरातल्या बायकांना पण बसवा. पंचायतीत फॉर्म 9 आणि 11 चा मराठी नमुना लावला तर निम्मे घोटाळे तिथंच थांबतील, आमच्या सदस्यांनी एवढं तरी करावं अशी कळकळीची विनंती आहे. आणि शहराच्या कडेनं शेतातले गुंठे बॉन्डवर घेणाऱ्यांनी तर आधी बिनशेती झालीय का बघावं, तिथं विकणारा शेजारी पण नसतो, उद्या शोधायचं कुणाला?

शब्दावर व्यवहार होतात ही आमच्या गावाची चांगली गोष्ट आहे, ती जावी असं मला अजिबात वाटत नाही. पण काकांचा शब्द काकांबरोबर गेला आणि त्यांच्या मुलांना आता तो निस्तरायला लागलाय, त्यात त्यांची काय चूक?

आमच्याच गल्लीत असे बॉन्डवरचे आणखी तीन व्यवहार आहेत, त्यातल्या एका विकणाऱ्या आजोबांचं वय ऐंशीच्या पुढं आहे आणि ते अजून स्वतःच्या पायानं देवळात येतात. मी दोन्ही घरच्यांना सांगून आलोय. येत्या रविवारी परत जाणार आहे.

आपला,
एक वाचक, बेळगाव तालुका