रडारबाहेर उडताना ट्रान्सपॉन्डर कोड : सूचना

सर्व वैमानिक सदस्यांनी नोंद घ्यावी. रडारच्या कक्षेबाहेर गेलात म्हणून ट्रान्सपॉन्डर (रडारच्या विचारणेला चार आकडी कोडने आपोआप उत्तर देणारा विमानातला संच) बंद करू नका. खाली रडार नसलं, तरी आसपासच्या विमानांचं टीकॅस (टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी यंत्रणा) तुमच्या ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरावरच चालतं. अरबी समुद्रावर हा फार मोठा आधार आहे. मोड-सी (उत्तरासोबत उंचीही कळवणारी सोय) चालू हवाच, नाहीतर तुमची उंची त्यांना कळणार नाही.

नियंत्रकाने दिलेला कोड पुढची सूचना येईपर्यंत बदलू नये. कोडच मिळाला नसेल, तर २०००. अमेरिकेतला १२०० किंवा युरोपातला ७००० सवयीने कुठेही लावू नका.

जुन्या, बटणं फिरवायच्या संचावर विशेष जपा : २७०० वरून ७२०० लावताना आधी दुसरा आकडा बदला. पहिला आधी फिरवलात, तर मध्येच ७७०० लागतो, म्हणजे थेट आणीबाणी. ७५०० (अपहरण) आणि ७६०० (रेडिओ बंद पडणे) बाबतही हीच काळजी घ्यावी.