क्लोनला आठवणी आयत्या मिळत नाहीत

महोदय,

आम्ही विज्ञानकथा वाचणारे काही जण रविवारी सकाळी तलावपाळीला भेटतो. परवा विषय निघाला पाठांतराच्या युक्त्यांचा आणि गाडी घसरली क्लोनिंगवर. मी निवृत्त केमिस्ट. औषधांची नावं लक्षात राहावीत म्हणून मी ती मनातल्या मनात ठाणे स्टेशनपासूनच्या रस्त्यावर मांडून ठेवायचो: गावदेवी मैदानाशी रक्तदाबाच्या गोळ्या, कौपिनेश्वराच्या दारात मधुमेहाच्या, गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर अँटिबायोटिक्स. (पायऱ्यांवर गर्दी फार व्हायची.) एका तरुणाने विचारलं, "काका, तुमच्या क्लोनला हे आयतं येईल?"

छे! जनुकं उतरतात, पाठांतर नाही. अहो, रंगसुद्धा हुबेहूब उतरत नाही. २००१ साली टेक्सासमध्ये जन्मलेली पहिली क्लोन मांजर घ्या. मूळ मांजर तिरंगी, हिच्या अंगावर केशरी ठिपकाही नाही. तो रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो; ज्या पेशीपासून ही घडली, तिच्यात केशरीवाला एक्स बंद होता.

मानवी क्लोनला आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाईच आहे. पण गेलेला कुत्रा 'परत' मिळावा म्हणून पैसे मोजणाऱ्यांचं कौतुक छापताना डॉली या क्लोन मेंढीचा हिशेब आठवावा: मूळ मेंढीच्या पेशींशी जुळवलेली २७७ अंडी, त्यातून २९ भ्रूण, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात आणि कोकरू एकच. उरलेल्या बारा मेंढ्यांना कोणी विचारलं? आपल्या पुरवणीत एखाद्या पशुवैद्यकाकडून यावर सविस्तर लिहवून घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे