अप्रेंटिसचं वर्ष संपलं की पोरगा जातो कुठं?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या पेपर उघडला की सेमीकंडक्टर, एआय, ड्रोन, एक लाख कोटीचा संशोधन निधी अशा बातम्या असतात, वाचून बरंच वाटतं. पण या सगळ्याला लागणारं मनुष्यबळ म्हटलं की चर्चा फिरून फिरून इंजिनिअर, पीएचडीवाले आणि सॉफ्टवेअरवाल्यांवरच येते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, लॅबमधला टेक्निशियन यांचं नाव कुणी घेत नाही. मी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, नोकरी करून रिटायर झालोय, म्हणून जरा हक्कानं लिहितोय.

चांद्रयान-3 च्या रॉकेटची इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनली, त्याच रॉकेटच्या बूस्टरचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात बनले. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, त्या उन्हापावसात फिरत्या ठेवायच्या तर जागेवर जाऊन दुरुस्ती करणारी माणसंच लागतात. डिझाइन शास्त्रज्ञाचं, मान्यच आहे, पण ड्रॉइंगवरचा आकडा लोखंडात उतरवणारा हात वेगळा असतो आणि तो हात दोन-तीन महिन्यांच्या कोर्समध्ये तयार होत नाही.

साधं उदाहरण सांगतो. 40 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा आहे आणि ड्रॉइंगवर एच सिक्स लिहिलंय, म्हणजे साइझ वर शून्य आणि खाली 16 मायक्रोन (एक मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढ्याच खिडकीत बसायला पाहिजे. आता मशीनमधून निघालेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, गरम असतो, तो खोलीपेक्षा 10 डिग्रीनं गरम असेल तर स्टील फुगून साइझ जवळपास 5 मायक्रोन जास्त दाखवते. नवखा पोरगा लगेच मायक्रोमीटर लावतो, साइझ मोठी दिसली म्हणून मशीनचा ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, कमी करतो आणि जॉब गार झाल्यावर अंडरसाइझ निघतो, पुढचे पंचवीस-तीस नग रिजेक्ट. मुरलेला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, आधी जॉबला हात लावून बघतो, सकाळी मशीनचा फिरणारा स्पिंडल थंड असताना पहिल्या जॉबवर विश्वास ठेवत नाही, इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, घासला की कटिंगचा आवाज बदलतो तो त्याला बोलता बोलता कळतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्या माणसाशेजारी उभं राहून चार-पाच वर्षं काम केलं की अंगात मुरतं.

आणि आपण काय करतो? दोन वर्षं आयटीआय, मग वर्षभर अप्रेंटिस, पोराला जरा कुठं काम समजायला लागलं की वर्ष संपलं, ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. त्याच्या जागी नवी बॅच. माझ्या हाताखाली शिकलेला एक मशिनिस्ट, हुशार पोरगा, स्वतः सेटिंग करायला लागला होता, त्याला सोडलं आणि तो दुसरीकडं परत ट्रेनी म्हणूनच लागला, पुन्हा पहिल्या पायरीवर. अशी कितीतरी पोरं चाकण, रांजणगावला रूम शेअर करून राहतायत. 2019 च्या नियमानुसार आयटीआय झालेल्या अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिन्याला 7000, त्यातही सरकारी योजनेत 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपये सरकार उचलतं. एवढ्या विद्यावेतनात रूमचं भाडं आणि मेस कसंबसं निघतं. मग घरचे म्हणणारच की यापेक्षा बारावी करून कुठलीही डिग्री घे, त्यांचं चुकतं कुठं?

मी मालकांनाही समजून घेतो. लहान वर्कशॉपवाल्याला मोठ्या कंपन्या दरवर्षी रेट कमी करायला लावतात, त्यात कायम माणूस ठेवणं त्याला जड जातं. पण ज्यांना सहज परवडतं त्याही कंपन्या अप्रेंटिसला स्वस्तातला ऑपरेटर म्हणून वापरतात आणि नंतर मीटिंगमध्ये म्हणतात स्किल्ड माणूस मिळत नाही! अहो, मिळाला होता, तुम्हीच सोडलात.

2025 च्या मे महिन्यात केंद्रानं आयटीआय सुधारायला 60,000 कोटींची योजना मंजूर केली, चांगलंच झालं, नव्या मशीन येऊ देत. पण पास झालेला पोरगा ट्रेडमध्ये टिकला नाही तर त्या मशीन काय कामाच्या? अप्रेंटिस कायद्याच्या कलम 22 मध्ये म्हटलंय की ट्रेनिंग पूर्ण केलेल्या अप्रेंटिसला घेण्याबाबत प्रत्येक कंपनीनं स्वतःचं धोरण ठरवायचं. हे धोरण त्या कंपनीच्या गेटवरच्या पोराला माहीत असतं का, आम्ही तर कधी बोर्डावर लागलेलं पाहिलं नाही. माझी मागणी फार मोठी नाही, प्रत्येक मोठ्या कंपनीनं यंदा किती अप्रेंटिस घेतले, किती जणांना कायम केलं आणि किती पगारावर, हे दरवर्षी सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर टाकावं. आयटीआयला अ‍ॅडमिशन घेणाऱ्या पोरानं आणि त्याच्या आईबापानं ते बघून कंपनी निवडावी.

तोवर तुमच्या औद्योगिक पानासाठी वार्ताहरांनी चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरच्या कंपन्यांना हे तीन आकडे विचारावेत आणि जे देतील त्यांचे नावासकट छापावेत, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टूलरूम सुपरवायझर, भोसरी