अप्सरांना मान, साथीदारांना एक ओळ

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चीनमधल्या युनगांग लेण्यांवरचा सचित्र लेख वाचला. छान आहे, पण लेखकाचे सगळे लक्ष अप्सरांच्या उडत्या शेल्यांवर. वादकांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ, आपल्याकडच्या नृत्याच्या बातमीत साथीदारांना मिळते तशीच. मी गोव्यातल्या फोंड्यात आयुष्यभर तबला शिकवला, त्यामुळे माझी नजर आधी हातांकडे जाते.

दाथोंग शहराजवळची ही लेणी उत्तर वेई राजवटीत, इ.स. ४६०च्या सुमारास, तानयाओ या भिक्षूच्या देखरेखीखाली खोदायला घेतली. बाराव्या लेण्याला संगीताचे लेणेच म्हणतात. दर्शनी दालनात वर ओळीने कोनाडे, आणि त्यांत स्वर्गीय वादक. कोणाकडे पिपा हे चिनी तंतुवाद्य, कोणाकडे बासरी, कोणाकडे नळ्या जोडून केलेला पावा, कोणाकडे बारीक कंबरेचा ढोल. एकाकडे कोंगहौ हे उभे तंतुवाद्य. हे वाद्य चीनमधल्या मिंग राजवटीच्या काळाच्या आसपास मागे पडून नाहीसे झाले आणि विसाव्या शतकात नव्याने घडवताना कारागिरांना जुन्या शिल्पांचा, चित्रांचा आधार घ्यावा लागला. आपण हसू नये. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा दिसते, तीही धनुष्याकृती. आपल्या मैफलींतून ती केव्हाच गेली.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट. गुन्हेगारांची कुटुंबे सरकारी वादक म्हणून नोंदवायची प्रथा त्याच उत्तर वेई काळातली. बायकामुलांनी पिढ्यान्‌पिढ्या गायचे, वाजवायचे, नाचायचे आणि समाजाच्या तळाशी राहायचे. चीनच्या योंगझेंग बादशहाने ती रद्द केली १७२३ साली! डोंगरात वादक छताजवळ आणि गावात पायरीखाली. फोंडा महालातल्या कलावंतांच्या, म्हणजे देवळात पिढ्यान्‌पिढ्या गाण्यानाचण्याची सेवा करणाऱ्या समाजाच्या, घरांना हे समजावून सांगायला नको. देवासमोर गाणे त्यांचे, मान इतरांचा. (त्यांच्यातल्याच केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. गंधर्व म्हणायचे तर त्यांना म्हणावे.)

झेजियांग विद्यापीठाने युनगांगच्या संशोधकांसोबत या बाराव्या लेण्याची पूर्णाकृती प्रतिकृती त्रिमितीय छपाईने केली आहे, सुटी करून गावोगाव नेता येईल अशी. कौतुकच आहे. पण त्या ढोलावर कोणता ठेका पडत होता, हे कोणत्या यंत्राने सांगावे?

आपल्याकडचा ठेका मात्र अजून ऐकू येतो. नगारखान्यात चौघडा आणि सनई आहे, आरतीला मातीच्या भांड्यावर कातडे ताणून केलेले घुमट, ढोलाच्या जातीचे शामेळ, झांजेसारखे कासाळे आहे. घुमटाला २०१९ साली गोवा राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. वाद्याला मिळाली, वाजवणाऱ्याचे काय? देवळाच्या जीर्णोद्धारात पंखा देणाऱ्याचे नाव संगमरवरावर चढते. बापजाद्यांपासून सनई वाजवणाऱ्याचे कुठेच नसते. एका देवस्थानाने तर आरतीसाठी विजेवर चालणारा नगारा आणला. बटण दाबले की सुरू. तो कधी चुकत नाही, हाच त्याचा दोष.

कला आणि संस्कृती खात्याला माझी विनंती अशी : येत्या नवरात्रात मखरोत्सवाला, म्हणजे देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात तेव्हा, माणसे पाठवा. प्रत्येक वादकाचे नाव, गाव, गुरू लिहून घ्या. सुवारीचे, म्हणजे घुमट-शामेळाच्या एकत्रित वादनाचे, बोल त्याच्याच तोंडून नोंदवा. कॅमेरा हातांवर असू द्या, मखराचे फोटो पुष्कळ झाले. फोंडा तालुक्यातल्या वादकांची यादी माझ्या वहीत आहे, हवी त्याने उतरवून घ्यावी. संध्याकाळी मुले शिकायला येतात, तेव्हा खात्याच्या माणसाने सकाळीच यावे.

– एक तबला शिक्षक, म्हार्दोळ