झाकून ठेवलेल्या त्या ताटाबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

सणाच्या त्या रात्री तुम्ही निघालात तेव्हा मी दाराशी उभा राहून "बरे झाले आलात" एवढेच पुटपुटलो. दार लावल्यावर लक्षात आले की जे बोलायला हवे होते, त्यातला एक शब्दही तोंडून निघाला नव्हता. आठ दिवस झाले तरी ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र, आणि ते चार लोकांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

तुमची-माझी ओळखही नव्हती. माझ्या मित्राची थोरली बहीण म्हणून तुम्ही त्याच्याबरोबर जेवायला आला होतात. ज्यांनी "चार वाजताच येतो, चिरण्या-निवडण्यापासून सगळे करू लागतो" असे हक्काने सांगितले होते, त्यांच्यापैकी एकाचा साडेपाचला नकाराचा फोन आला, दुसऱ्याचा तोही आला नाही, आणि तिसरा आला तो थेट बैठकीत बसून "अजून किती वेळ?" असे विचारू लागला. त्यात गेल्या वर्षीची आठवण ताजी होती. सगळे जेवायला बसलेले असताना एका पाहुण्याने पहिल्याच घासाला "भात खाली लागलेला दिसतोय" असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले होते, आणि मग उरलेल्या जेवणात मला दुसरे काही ऐकूच आले नाही. मला ते लागले होते, आणि अजूनही लागते.

यंदाही भात लागलाच. चौघांचा भात म्हणजे माझ्या हातचा मळ, म्हणून चौदा जणांसाठी मी तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच हिशेबाने साडेतीनपट घेतले आणि आच मोठी ठेवली. पाणी आटते ते पातेल्याच्या तोंडावरून, तांदळाच्या वजनावरून नव्हे, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही. वर पाणी, मध्ये गिचका आणि तळाशी करपलेला थर, असे ते पातेले समोर ठेवून मी उभा होतो आणि बाहेरून हसण्याचे आवाज येत होते.

तुम्ही पाणी मागायला म्हणून आत आलात, एकदा पातेल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलेत, मागे वळून स्वयंपाकघराचे दार लोटून घेतलेत आणि हात धुतलेत. "काही मदत हवी का?" असे तुम्ही विचारले नाहीत. तसे विचारले असते तर मी सवयीने "नको, नको" म्हणालो असतो. तुम्ही विचारलेत, "कोणते पातेले आधी उतरवू?" त्या प्रश्नाला नाही म्हणण्याची सोयच नव्हती, आणि माझ्या खांद्यावरचा अर्धा भार तिथेच उतरला.

पुढचे सगळे सांगत बसत नाही. तळ न खरवडता तुम्ही वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढलात, आणि वाफेचे थेंब परत त्यावर पडू नयेत म्हणून झाकणाखाली तुमच्या पिशवीतला धुतलेला सुती रुमाल पसरलात. रस्सा खारट झाला होता, त्यात मी बटाटा टाकायला निघालो, तेव्हा "बटाटा खारट पाणी पितो, खारटपणा तेवढाच राहतो" असे म्हणून तुम्ही थोडा रस्सा बाजूला काढलात आणि बिनमिठाच्या उकडलेल्या भाजीची भर घातलीत. हे सारे हलक्या आवाजात, बाहेर कोणाला काही कळू न देता चालले होते.

पण हे पत्र मी लिहितो आहे ते एका ताटासाठी. जेवण बाहेर जाण्याच्या आधी तुम्ही एक ताट वाढलेत. भात अगदी वरचा, मोकळा. रस्सा वेगळ्या वाटीत, म्हणजे भात भिजून जाऊ नये. त्यावर दुसरे ताट उपडे घातलेत आणि ते गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून दिलेत. कोणी उशिरा येणार असेल असे मला वाटले. सर्वांचे वाढून झाल्यावर तुम्ही मला खुर्चीत बसवलेत, ते ताट उघडून समोर ठेवलेत आणि म्हणालात, "तुमचे आहे. निवायच्या आत जेवा."

ताई, इतकी वर्षे मी लोकांना घरी जेवायला बोलावतो. रात्री साडेदहाला, पातेल्याच्या तळाशी जे उरते ते, तेही थंड झालेले आणि बहुधा उभ्यानेच, हेच माझे जेवण असते आणि त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. त्या रात्री ताटावरून वाफ निघत होती आणि माझा घास घशाखाली उतरेना. तुमच्या ताटात मात्र कडेचा, किंचित वास लागलेला भात होता. तो मी पाहिला.

करपलेले पातेले पाहून लोटून घेतलेले दार आणि राबणाऱ्याचे पान आधी काढून ठेवण्याची आठवण, या गोष्टी पाहुणचाराच्या कोणत्याही थाटामाटापेक्षा मला फार मोठ्या वाटतात. अशी माणसे कमी भेटतात. भेटतात तेव्हा त्यांना ते सांगायला हवे.

तुमचा रुमाल माझ्याकडेच राहिला आहे. तीनदा धुतला, तरी कडेचा पिवळा डाग पूर्ण गेलेला नाही. इस्त्री करून, घडी घालून ठेवला आहे. तो न्यायला म्हणून तरी एकदा या, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका.

तुमचा ऋणी,
त्या रात्रीचा यजमान