जिताड्याचा फोटो पाहिल्यावर

दिवाळे, सीबीडी बेलापूर
अक्षय्य तृतीया

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला फोटो आधी आईने पाहिला. "अहो, हा तर जिताडा!" असं एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारची काकू दाराशी येऊन उभी राहिली. मी चष्मा लावला. पाठीला बाक, खालचा जबडा पुढे आलेला, गोल शेपटी, नखाएवढी रुपेरी खवलं. जिताडाच. तुमच्याकडे त्याला बारामुंडी म्हणतात, तुझा केरळचा मित्र काळांजी म्हणाला आणि तो बंगाली मुलगा भेटकी म्हणाला, असं तू लिहिलं आहेस. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. मासा एकच. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो मासा तू ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या नदीत धरलास, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आनंद झाला तरी झोप लागली नाही. रात्री दोन वाजता उठून फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि दोन गोष्टी नजरेत आल्या. एक म्हणजे तुझी चार बोटं माशाच्या कल्ल्यात होती. दुसरी म्हणजे पाण्याकडे पाठ करून तू उकिडवा बसला होतास आणि पाणी तुझ्या टाचांपासून जेमतेम दोन हात लांब होतं. बाजूला फळी, फळीवर सुरी. म्हणजे मासा तिथेच काठावर साफ केलात.

बाळा, त्या नदीत मगरी आहेत हे तूच मला सांगितलंस. शेडी कॅम्पच्या धक्क्यावरून एका वेळी सात-आठ दिसल्या म्हणालास. ज्या दिसल्या त्यांची मला भीती नाही, न दिसलेलीची आहे. मगर एकाच जागी रोज काय घडतं ते लक्षात ठेवते. माणसं इथे येतात, वाकतात, आतडी पाण्यात टाकतात, एवढं तिला लवकरच कळतं. तिथल्या सरकारच्या पाट्यांवर काठापासून निदान ५ मीटर लांब राहा असं लिहिलेलं असतं, ते शब्दशः पाळ. मासा घरी नेऊन साफ कर. गळ झाडाच्या मुळात अडकला तर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कापून टाक, सोडवायला पाण्यात पाय घालू नकोस. दहा-वीस डॉलरचा गळ गेला तर गेला. होडीतून हात बाहेर लोंबकळत ठेवायचा नाही, हे तुझ्या मित्रांनाही सांग, तू वयाने मोठा आहेस त्यांच्यात.

आता बोटांचं. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण वस्तऱ्यासारखं असतं. मासा एकदा झटकला की चारी बोटं चिरतात. आजोबांच्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण होता तो तुला आठवत असेल, तुला ते "होडीत लागलं" एवढंच सांगायचे. तो जिताड्याचा. त्यांनी मला शिकवलं होतं ते असं: आधी हात ओले करायचे, खालचा जबडा अंगठा आणि बोटात धरायचा (मोठे दात नसतात, कानशीसारखा खरखरीत असतो नुसता), दुसरा हात पोटाखाली. उभा लोंबकळवायचा नाही, मोठ्या माशाचा जबडा स्वतःच्याच वजनाने निखळतो. कोरड्या हाताने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि परत सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो. तुम्ही अर्धे मासे परत सोडता, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

तू विचारशील, बाबांना एवढं माहीत होतं तर मला कधी नेलं का नाही खाडीवर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण रात्रभर मीच स्वतःला विचारत होतो.

तू नऊ वर्षांचा असताना एकदा शाळेतून परस्पर जेट्टीकडे गेला होतास. गुडघ्यापर्यंत चिखल, खिशात दोन चिंबोऱ्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी तो आजवर विसरलो नाही. मी तुला मारलं. चिंबोऱ्या गटारात फेकल्या. परत खाडीकडे फिरकायचं नाही म्हणून दम दिला. तेव्हा मला वाटत होतं की खाडी संपली. कारखान्यांचं पाणी येऊन येऊन माशाला रॉकेलचा वास यायला लागला होता, बाजारात बायका मासा हुंगून खाली ठेवायच्या. जमिनी सरकारने घेतल्या, खाडीचं पाणी अडवणारे खार बांध गेले, ज्यांच्या घरात मीठ आणि भात पिकायचा त्यांची मुलं नोकरी शोधत फिरली. आजोबांनी १९८९ साली होडी विकली आणि नंतर आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. ते पाहिल्यावर मी ठरवलं होतं, माझा मुलगा चिखलात पाय घालणार नाही, शिकेल. तू शिकलास. पण आजोबांपासून माझ्यापर्यंत आलेलं मी माझ्यापाशीच अडवून ठेवलं, आणि तुला गळ बांधायला परक्या देशातल्या मित्रांनी शिकवलं. त्यांचे उपकार आहेत. माझं चुकलं, बाळा. त्या दोन चिंबोऱ्यांची क्षमा मागायला मला वीस वर्षं लागली.

म्हणून जे राहिलं ते आता लिहितो.

जिताडा गोड्या पाण्यातही असतो, खाऱ्यातही. अंडी मात्र खाऱ्यातच घालतो, खाडीच्या तोंडाशी, पावसाच्या सुरुवातीला. पिल्लं पुराच्या पाण्याबरोबर आत चढतात, खाचरात, तळ्यात, तुमच्याकडे बिलाबाँगमध्ये (नदीकाठच्या डोहात), आणि काही वर्षं तिथे वाढून मग खाली उतरतात. अलिबाग-पेण-पनवेलकडे पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं धरून घरामागच्या तळ्यात सोडायची पद्धत आहे. ती वाढतात, पण तळ्यात वीण होत नाही, दरवर्षी नवी आणावी लागतात. आणखी एक गोष्ट मोठी विलक्षण आहे: जिताडा आधी नर असतो, वयात आल्यावर काही वर्षांनी मादी होतो. साधारण ८०-९० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक सगळे माद्या. तेव्हा तुला कधी मीटरभर लांबीचा लागला तर फोटो काढ आणि सोडून दे. तिच्या पोटात लाखो अंडी असतात.

तू ५३ सेंटिमीटरचा मासा मोजून परत सोडलास, कारण तिथे ५५ची अट आहे, आणि नवीन आलेला मुलगा हसला, असं सांगितलंस. हसू दे. हौसेने मासे धरायला तिथे परवानासुद्धा लागत नाही, म्हणजे सगळा भरवसा तुमच्या हातातल्या त्या मोजपट्टीवर आहे. आपल्याकडेही २०२३ साली ५४ जातींचे किमान आकार ठरवून दिले आहेत. आजोबांकडे मोजपट्टी नव्हती, ते वितीने मोजायचे आणि बारीक मासा "वाढून ये" म्हणून पाण्यात टाकायचे.

शेडी कॅम्पला बंधारा आहे, एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरतीचं खारं, हे ऐकून तर मी उठूनच बसलो. अरे, ही आपली उघाडी! आपल्या खार बांधाला लाकडी दार असायचं. भरतीला ते बंद, ओहोटीला आतलं पाणी बाहेर. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बोईटाची पोरं वाहत यायची आणि जिताडा बाहेर तोंड करून नाही, दाराकडे तोंड करून उभा राहायचा. आजोबा गळ कधी प्रवाहाच्या मध्यात टाकत नसत. गढूळ पाणी आणि निवळ पाणी जिथे एकमेकांना भेटतं ना, त्या रेषेवर टाकायचे, जिवंत कोळंबी शेपटीत टोचून. तंगूसच्या शेवटी हातभर जाड दोरा बांधायचे, कारण तो खरखरीत जबडा बारीक तंगूस घासून घासून तोडतो. रात्री बॅटरी मारली की डोळा लाल चमकायचा. आणि तो गिळतो तेव्हा आवाज येतो, रिकामा डबा पाण्यात उलटा मारल्यासारखा. तो आवाज तू ऐकलास का?

भरतीचा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. आज तृतीया, तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे आज दुपारी सव्वादोनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई बंदराचा आहे, तुमच्या किनाऱ्याला ती वेळ लागू पडणार नाही. पण रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते हे तिथेही खरं, आणि अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग (म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी) हेही खरं. फरक एवढाच की आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटर चढतं आणि डार्विनला आठ मीटरपर्यंत. आठ मीटर म्हणजे आपल्या इमारतीचा दुसरा मजला. ते पाणी उतरताना थांबून विचार करायला वेळ देत नाही.

मी बारा वर्षांचा असताना आजोबांचा अंदाज एकदाच चुकला होता. उलव्याच्या बाजूला एका बारीक फाट्यात आम्ही आत गेलो आणि पाणी पायाखालून गेलं. होडी चिखलात कलंडली. आजोबा उतरले, मांडीपर्यंत रुतले, मला उतरू दिलं नाही. सहा तास बसलो. त्यांनी त्यांचा सदरा मला पांघरला आणि मच्छर स्वतःच्या उघड्या अंगावर घेतले. पहाटे पाणी तिवरांच्या मुळाशी बुडबुड करत आलं तेव्हा ते मला म्हणाले, "आत जाताना निघायची वेळ आधी ठरव." आमच्याकडे निदान उतरून ढकलता येत होतं. तुम्हाला तिथे होडीतून उतरता येणार नाही, म्हणून फाट्यात शिरताना घड्याळ बघ.

समुद्रावर जाता तेव्हा लाइफजॅकेट अंगात असू दे, बाकाखाली नको. तुम्ही ज्याला ब्लॅक ज्यूफिश म्हणता ती आपली घोळ. खोल पाण्यातून वर ओढली की तिच्या पोटातली हवेची पिशवी, आपलं बोत, फुगतं आणि परत सोडली तरी सहसा जगत नाही. म्हणून हवी तेवढी मिळाली की तिथला गळ उचला आणि जागा बदला.

आईचा निरोप: तुम्ही फक्त काप काढून घेता आणि मुंडकं टाकून देता हे तिला सहन झालेलं नाही. जिताड्याची चव मुंडक्यात आहे. लसूण भरपूर ठेच, चिंच, हळद, आपला घरचा मसाला, पाणी बेताचं, झाकण ठेवून मंद आचेवर. एका वाफेनंतर हलवायचं नाही, भांडं नुसतं फिरवायचं. त्या केरळच्या मुलाला खाऊ घाल, त्याला कळेल.

मी आता जेवून जेट्टीवर जातो आहे. हल्ली पाणी थोडं बरं आहे, सकाळी दोन मुलं गळ घेऊन बसलेली दिसली. आजोबांचा लाकडी रीळ माळ्यावर सापडला, तंगूस सडलाय पण गळ शाबूत आहे, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. तू डिसेंबरात येशील तेव्हा नवीन तंगूस आणून ठेवतो.

आणि फोनवर हे सांगायला विसरू नकोस: त्या बंधाऱ्याशी तो मासा तुला कोणत्या बाजूला लागला, गोड्या की खाऱ्या?

तुझे,
बाबा