बाबांच्या खुर्चीत बसून

नाशिक,
रविवार संध्याकाळ

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

घर ठीक आहे, हे आधी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. परवा गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं, आज गुडघ्यापर्यंत उतरलंय. आपल्या गल्लीपर्यंत काही आलं नाही. तुळस तरारली आहे, कढीपत्त्याला मात्र कसलीशी कीड लागली आहे, त्याचं बघते.

हे सगळं फोनवरही सांगितलं असतं. पण जे खरं सांगायचंय ते फोनवर होत नाही. बाबांना फोनवर अर्धं ऐकू येतं, आणि आई, तू दुसऱ्या वाक्याला 'जेवलीस का' विचारतेस आणि मग मी रडवेली होते. म्हणून पत्र.

तुम्ही दादाकडे बंगळुरूला गेल्यापासून दर रविवारी सकाळी मी पंचवटीत येते. खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते, आणि मग बाबांच्या खुर्चीत बसून एक अख्खा अल्बम ऐकते. फोन स्वयंपाकघरात, हातात काही काम नाही. एक बाजू संपल्याशिवाय उठायचं नाही, हा बाबांचा नियम. जगात ज्यांना थोर म्हणतात ते अल्बम एकेक करून ऐकायचे असं ठरवलं होतं. जॅझ, रॉक, पियानो, क्युबाचं संगीत, आपलंही. शास्त्र यातलं मला कशाचंच येत नाही.

बाबा, तुम्हाला आठवत असेल, मी नऊ वर्षांची असताना गाण्याच्या क्लासमध्ये सगळ्या मुलींसमोर सांगितलं गेलं होतं की हिच्या गळ्यात सूर नाही, फी वाया घालवू नका. तुम्ही तिथे एक शब्द बोलला नाहीत. स्कूटरवरून मेन रोडला गेलात, डी. व्ही. पलुस्करांची कॅसेट घेतलीत आणि घरी येऊन म्हणालात, "गळा नसला तर नसला, कान आहे ना." हा गायक आपल्या नाशिकचाच, 1921 साली इथे जन्मलेला, आणि 34 व्या वर्षी गेला, हेही तेव्हाच सांगितलंत. इतक्या लहान वयात गेलेल्या माणसाचा आवाज इतका शांत कसा, हे मला तेव्हापासून कळलेलं नाही.

आपल्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल होता, त्यामुळे मी त्या कॅसेटमधलं भजन कित्येक वर्षं जरा खालच्या पट्टीत आणि संथ ऐकलं. नंतर सीडीवर खरी पट्टी ऐकली तेव्हा कुणीतरी घाई करतंय असं वाटलं. हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे माइल्स डेव्हिस, अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक. त्याचा 'काइंड ऑफ ब्लू' हा 1959 चा अल्बम. त्याच्या मुद्रणाच्या पहिल्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप पुढे नेहमीच्या वेगाने वाजली, त्यामुळे पहिली बाजू तीस वर्षांहून अधिक काळ जराशी जलद आणि चढ्या सुरात विकली गेली, आणि 1992 मध्ये ती दुरुस्त झाली. म्हणजे अमेरिकेतसुद्धा लाखो लोक माझ्यासारखेच वेगळ्या पट्टीच्या प्रेमात पडले होते.

या अल्बमबद्दल आईशी बोलायचंय. दिवाळीत मी तो लावला होता तेव्हा तू आत तांदूळ निवडत होतीस. ट्रम्पेट सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तू बाहेर न येताच म्हणालीस, "हा माणूस थांबतो किती छान." मी विचारलं, आवडलं का? तर तू म्हणालीस, "मला काय कळतंय त्यातलं." आई, माइल्स डेव्हिसवर जेवढं काही लिहिलं गेलंय, त्याचा अर्क तुझ्या त्या एका वाक्यात आहे. तो किती सूर वाजवतो यापेक्षा कुठे वाजवत नाही, यासाठीच लोक त्याला मानतात. त्याने साथीदारांना लिहिलेलं संगीत जवळजवळ दिलंच नव्हतं, फक्त सुरावटींचे आराखडे दिले आणि त्यावर वाजवायला सांगितलं. आपल्याकडे राग सांगून बैठक सुरू करतात, तसंच जवळपास. पहिल्याच तुकड्यात आधी जाडा, खर्जातला बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मला तुझं मंगळवारचं भजनी मंडळ आठवलं. पुढे एकीने ओळ टाकायची आणि मागच्यांनी उचलायची. त्यातले स्वर मी बाबांच्या पेटीवर शोधले. गंधार-निषाद कोमल, म्हणजे आपला काफी थाट! मधेच सगळं अर्धा सूर वर सरकतं आणि परत खाली येतं. ते कळल्यावर मी एकटीच या खोलीत हसले.

तो अल्बम न्यूयॉर्कच्या ज्या स्टुडिओत झाला, ते आधी एक चर्च होतं. त्याच खोलीत चार वर्षं आधी, म्हणजे बाबांचा जन्म झाला त्या 1955 साली, ग्लेन गूल्ड नावाच्या 22 वर्षांच्या कॅनडाच्या मुलाने बाख या जर्मन संगीतकाराचं एक मोठं काम पियानोवर वाजवलं, 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. एक छोटी चाल, मग तिची तीस रूपं, आणि शेवटी तीच चाल जशीच्या तशी परत. तो बसायचा ती खुर्ची त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी घरी बनवून दिली होती. साध्या घडीच्या खुर्चीचे पाय कापून बुटकी केलेली. जगभर कुठेही कार्यक्रम असो, ती बरोबर. पुढे बसायची जागा फाटून नुसती चौकट उरली, तरी त्याने ती बदलली नाही. बाबा, हे मी तुमच्या खुर्चीत बसून वाचलं. हिचं वेत उजव्या बाजूला सुटलंय, ते मी दुरुस्तीला देणार होते. आता नाही देणार.

त्याने तेच काम 1981 मध्ये त्याच स्टुडिओत पुन्हा वाजवलं. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकले. पहिल्यात सुरुवातीची चाल दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांहून जास्त चालते. सूर तेच. तरुणपणी तो धावतो, आणि ते धावणं फार सुंदर आहे, हे नाकारत नाही. पण दुसऱ्यात तो प्रत्येक सुराला दारापर्यंत पोचवून येतो. मागे त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं, जसं बाबांचं दाढी करताना. ती दुसरी ध्वनिमुद्रिका आली आणि थोड्याच दिवसांत, नुकती पन्नाशी गाठून, तो गेला. शेवटी चाल परत येते तेव्हा मला खुर्चीतून उठवेना. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, काळाराम मंदिराची घंटा वाजत होती, आणि ते सगळं त्यात बसत होतं.

सगळंच आवडलं असं नाही, तेही सांगते. दादाच्या अथर्वने आग्रहाने मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 1986 चा 'मास्टर ऑफ पपेट्स' ऐकायला सांगितला. सुरुवात गिटारवर इतकी हळुवार की मी विश्वासाने मागे टेकले, आणि मग जो मारा सुरू झाला तो सहन होईना. पण मी पूर्ण ऐकला. मला वाटतं ते खुर्चीत बसून ऐकायचं संगीत नव्हेच. नाशिक ढोल मिरवणुकीत समोर उभं राहून छातीत घ्यायचा असतो, दिवाणखान्यात नाही. अथर्वला सांगा, आत्याला तो कुठे उभं राहून ऐकायचा ते कळलंय.

पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 1973 च्या अल्बममध्ये हृदयाचे ठोके आहेत, घड्याळांचा एकदम गलका आहे, आणि तो फार हुशारीने केलाय. पण माझ्यापाशी राहिली ती त्यातली क्लेअर टोरी. तिला शब्दच दिले नव्हते. नुसता आवाज लाव, वाद्य असल्यासारखी गा, एवढंच सांगितलं. ती गायली ते आपल्या आलापासारखं सुरू होतं आणि मग आक्रोश होतं. त्याचे तिला 30 पौंड मिळाले. संगीतरचनेत तिचं नाव लागायला 2005 साल उजाडलं, त्यासाठी तिला कोर्टात जावं लागलं. आई, हे ऐकून तू नक्की म्हणशील, "तिचं नाव आधी लावायला काय झालं होतं?" मीही तेच म्हणते.

जोनी मिचेलचा 'ब्लू' मात्र मी दुसऱ्यांदा लावला नाही. 1971 चा आहे. त्यात एक गाणं आहे, तिने परिस्थितीमुळे दत्तक दिलेल्या मुलीसाठी लिहिलेलं. मायलेकी 1997 मध्ये भेटल्या. आमची सई वसतिगृहात गेली त्याच आठवड्यात मी ते ऐकलं. पुढे लिहीत नाही.

आता क्युबा. हवाना शहरात 1996 च्या मार्चमध्ये सहा दिवसांत एक अल्बम झाला, 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. खरं तर तिथे आफ्रिकेतल्या मालीचे वादक यायचे होते. ते पोचू शकले नाहीत, म्हणून गावातल्या जुन्या वादक-गायकांना गोळा केलं. इब्राहिम फेरेर 69 वर्षांचा. गाणं सोडून पेन्शनला जोड म्हणून बूटपॉलिश करत होता. रुबेन गोन्सालेस 76 वर्षांचा. त्याच्या घरचा पियानो वाळवीने खाल्ला होता, घरात वाद्यच नव्हतं. कॉम्पाय सेगुंडो 88. आणि ही माणसं वाजवतात कशी! कुणाला काही सिद्ध करायचं नाही, अंगणात चारपाई टाकून बसल्यासारखं. रुबेनचा पियानो तर असा की सांधेदुखीच्या बोटांत इतकी नजाकत कुठून येते, असं वाटावं. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली माणसं आहेत ही, ते आवाजात कुठेही जाणवत नाही.

बाबा, मी इथपर्यंत यासाठीच आले. दीड वर्ष झालं, तुम्ही काही ऐकत नाही. कानाला यंत्र लावल्यापासून गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं म्हणालात, आणि 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली तेव्हा बासरी थरथरते, चिरकते म्हणून बंद केलीत. ती कॅसेट तुमची सगळ्यात लाडकी. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसादांची बासरी. 1967 मध्ये तिघंही तरुण. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून सुरू होणारा. ही कल्पना एच.एम.व्ही.मधल्या जी. एन. जोशींची, भावगीत गाणारा आपलाच मराठी माणूस, हे तुम्ही मला किती अभिमानाने सांगायचात. ती बंद करून तुम्ही कॅसेट खोक्यात ठेवलीत आणि म्हणालात, "कान गेले."

कान गेलेले नाहीत. मी वाचलं, विचारलं. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी होतात, खर्ज बराच शाबूत राहतो. यंत्र बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं. बासरीचा लांब, एकसारखा सूर आला की यंत्राला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर दाबायला जातं. म्हणून ती थरथर. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो, तपासणीच्या वेळी तो मागावा लागतो. दादाला सांगितलंय, तो या आठवड्यात तुम्हाला घेऊन जाईल. नाही म्हणू नका.

तोपर्यंत खर्जातून सुरुवात करा. सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. त्यात पहिला आहे माइल्स डेव्हिस, त्यातल्या बासकडे लक्ष ठेवा, तो तुम्हाला नीट पोचेल. मग हवानाचे म्हातारे. बासरी मात्र यंत्रात संगीताचा प्रोग्रॅम लावून घेतल्यावर, आधी नाही. आई, तू शेजारी बसायचं आणि जे वाटेल ते मोठ्याने बोलायचं, बाबांच्या डाव्या बाजूने. त्यातलं मला काय कळतंय, हे वाक्य या खेपेला नको. मी रविवारी अकराला फोन करीन, तेव्हा मला तुझं मत हवंय.

टेपरेकॉर्डर रविवार कारंजाजवळ दुरुस्तीला दिलाय. बेल्ट मिळेल म्हणाले, पण घट्ट बसेल का ते सांगता येत नाही म्हणे. मी म्हटलं, सैल राहिला तरी चालेल.

परतीचं तिकीट काढलं की कळवा. मी नाशिकरोडला घ्यायला येते.

तुमची,
मनू

ता. क. खोक्यातली कॅसेट बाहेर काढून ठेवली आहे. फीत एका जागी सुटली होती, पेन्सिलीने गुंडाळली.